एकच आकडा, दोन दुखणी : आमवात आणि नैराश्याचं एक प्रकरण

चिठ्ठीवर 'डीएएस-२८ : ५.४' असं लिहून त्याला पेनाने गोल केला होता. खाली संधिवाततज्ज्ञांचा सल्ला : मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या सुरुवातीच्या औषधांना पुरेसा प्रतिसाद नाही, टोफासिटिनिब किंवा बायोलॉजिक इंजेक्शन या पुढच्या, जास्त जोरदार औषधांचा विचार व्हावा, त्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी. चिठ्ठीत चूक काहीच नव्हती. डीएएस-२८ म्हणजे आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, प्रतिकारयंत्रणेने आपल्याच सांध्यांत पेटवलेला दाह) किती जोरात आहे ते सांगणारा आकडा. तो ५.१ च्या वर असला की आजार जोरात आहे असं धरतात, आणि सहा महिन्यांत औषध लागू पडलं नाही तर पुढची पायरी चढायची, हा जगभरातला शिरस्ता आहे.

चिठ्ठी घेऊन आलेल्या ताई ४६ वर्षांच्या. पुण्यात सहकारनगर भागात पोळी-भाजी केंद्र चालवतात. त्यांच्या घराची मी फॅमिली डॉक्टर. सासूबाईंचं बीपी, मुलीचा टायफॉइड, यजमानांची शुगर असं सगळं माझ्याकडेच. त्यामुळे मोठ्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं की "घेऊ ना डॉक्टर?" हा प्रश्न आधी माझ्या टेबलावर येतो. (ओळख पटू नये म्हणून तीन-चार रुग्णांच्या नोंदी एकत्र करून हे प्रकरण बेतलं आहे. आकडे एका रुग्णाचे नाहीत, पण एकमेकांशी जुळणारे आहेत.)

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "ही गोळी घेतली की अंगातला ठणका जाईल का?" पुढचं सगळं या प्रश्नातून निघालं, कारण त्यांनी सांध्यातला नाही, अंगातला म्हटलं होतं.

आधीचं थोडक्यात

सुरुवात दोन वर्षांपूर्वीची. सकाळी सहाला कणीक मळायला बसलं की बोटं आखडलेली, मूठ वळायची नाही, मोकळं व्हायला दोन तास. आधी एरंडेल, मग काढा, मग कोणीतरी दिलेली पुडी. पुडीने तीन दिवसांत इतकं बरं वाटलं की मला तिच्यात स्टेरॉइड असल्याचा दाट संशय आहे. यात आठ महिने गेले. मग मनगटं सुजली, बांगड्या साबण लावूनही निघेनात, तेव्हा तपासण्या झाल्या. रक्तातला दाह दाखवणारे ईएसआर ६४ आणि सीआरपी ३८, आमवाताच्या खुणा असलेल्यांपैकी आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आणि अँटी-सीसीपी भरपूर वाढलेलं. दुखणारे सांधे १४, सुजलेले १०. डीएएस-२८ आला ६.९.

आमवात हा आपल्याकडे दुर्मिळ आजार नाही. पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवरच्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ मध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली, त्यात हजार प्रौढांमागे साधारण पाच जणांना तो आढळला. म्हणजे मध्यम आकाराच्या एका सोसायटी-समूहात तीन-चार घरं धरा.

उपचार नीट सुरू झाले : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि आधाराला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १० मिलिग्रॅम. सूज उतरली. बांगड्या परत चढल्या. सातव्या महिन्यात सीआरपी ४ वर, ईएसआर १८ वर आला. घरात सगळे म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आला. आणि नेमक्या याच काळात ताई केंद्रावर जायच्या बंद झाल्या.

आकडा उलगडला तेव्हा

डीएएस-२८ हा एक आकडा दिसतो, पण तो चार गोष्टी मिळून बनतो. ठरावीक २८ सांध्यांपैकी दाबल्यावर दुखणारे किती, सुजलेले किती, ईएसआर किती, आणि 'तुमच्या मते तुमची तब्येत कशी' याचं रुग्णाने शून्य ते शंभरमध्ये दिलेलं उत्तर. सूत्रात दुखणाऱ्या सांध्यांना सुजलेल्यांच्या दुप्पट वजन आहे : एकाला ०.५६, दुसऱ्याला ०.२८, दोन्हीकडे वर्गमूळ घेऊन. चारातल्या दोन गोष्टी रुग्ण सांगेल त्यावर ठरतात. (पावलांचे सांधे या अठ्ठावीसात नाहीतच, हे मला कायम खटकतं. आमवात पावलांना भरपूर छळतो. म्हणून ताईंची चप्पल काढून पाहिली. तिथे सूज नव्हती.)

ताईंचे चार तुकडे असे होते : दुखणारे सांधे १२, सुजलेला फक्त एक, ईएसआर १८, स्वतःच्या तब्येतीला दिलेला आकडा ८०. गणित करा, ५.४ येतो. त्यातले तीन गुण दुखण्याचे आणि 'कसं वाटतंय'चे. सुजलेल्या सांध्याचा वाटा पाव गुणापेक्षा जरासा जास्त.

मग हात हातात घेऊन पाहिले. खऱ्या दाहाची सूज दोन अंगठ्यांमध्ये धरली की दबते, मऊ लागते, सांध्याची कडा हरवते. ताईंच्या बोटांच्या कडा नीट हाताला लागत होत्या. उजव्या मनगटाला थोडी सूज, बस्स. पण दुखणं? बोटाच्या सांध्यावर दाबलं, "आई गं." कोपराखालच्या नुसत्या मांसावर दाबलं, "आई गं." दंडावर, मांडीवर, तेच. बीपीचा पट्टा फुगवला तेव्हाही त्यांनी डोळे मिटून घेतले. जिथे सांधा नाही तिथेही तितकंच दुखत असेल, तर सांधे मोजून काढलेला आकडा नक्की काय मोजतोय हे विचारावंच लागतं.

याला फायब्रोमायल्जिया म्हणा किंवा वेदनेच्या यंत्रणेची वाढलेली संवेदनशीलता म्हणा. आमवाताच्या रुग्णांत ही भर बऱ्यापैकी दिसते. महिनोन्‌महिने सांध्यांकडून दुखण्याचे संदेश गेले की मज्जारज्जू आणि मेंदू त्या संदेशांचा आवाज मोठा करून ठेवतात, आणि मूळ कारण कमी झालं तरी आवाज लगेच खाली येत नाही. ताईंना मी सांगितलं, गॅस बंद केला तरी तवा काही वेळ तापलेलाच राहतो, हात लावला तर भाजतंच. त्यांना ते पटलं. यजमानांनाही पटलं, आणि ते जास्त महत्त्वाचं होतं, कारण तोवर घरात "आता सूज नाही, मग दुखतंय कसं?" हे रोज ऐकू येत होतं.

न विचारलेलं

तपासणी होईपर्यंत मनाबद्दल कोणीच काही विचारलेलं नव्हतं. ताईंनीही सांगितलं नव्हतं. आपल्याकडे बायका 'उदास वाटतं' असं क्वचितच म्हणतात. अंग मोडून येतं, डोकं जड झालंय, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं, असं म्हणतात. सासूबाई बरोबर होत्या, त्यांना बाहेर बसवलं. मग विचारलं, "केंद्रावर का जात नाही तुम्ही?"

"जाऊन काय करू? पोळ्या त्या दोघी करतात. मी गल्ल्यावर बसते. गिऱ्हाईक म्हणतं, ताई, पूर्वीची चव नाही राहिली. मी काय सांगू त्यांना?" थोड्या वेळाने, "मुलीच्या वेणीची गाठसुद्धा मारता येत नव्हती मला. आता येते. पण आता मारावीशी वाटत नाही."

हे शेवटचं वाक्य मी तसंच्या तसं नोंदवहीत लिहिलं. आधी हात चालत नव्हता, आता इच्छा चालत नव्हती, आणि दोन्हींच्या मध्ये सीआरपी ३८ वरून ४ झाला होता.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत मिळते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. ताईंचे आले १८, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र. पण आमवातात हा आकडाही असाच उलगडून पाहावा लागतो, नाहीतर तोही फसवतो. झोप, थकवा, भूक आणि हालचालींतला संथपणा हे चार प्रश्न आमवातानेच भरून निघू शकतात. ताईंचे त्यात ९ गुण होते. ते सगळे बाजूला काढले तरी ९ उरतात : कशातही गोडी नाही ३, उदास २, 'आपण निरुपयोगी झालो' २, लक्ष न लागणं १, आणि जीव नकोसा होण्याबद्दलच्या नवव्या प्रश्नाला १. सांधे दुखतात म्हणून कोणाला आपण निरुपयोगी वाटत नाही. निदान फक्त तेवढ्याने नाही.

आमवाताच्या रुग्णांत नैराश्य किती, याची वेगवेगळी उत्तरं येतात त्याचं एक कारण हेच. २०१३ मध्ये ७२ अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत, मुलाखत घेऊन निदान केलं तेव्हा सुमारे १७ टक्के रुग्णांना गंभीर नैराश्य होतं. नुसत्या पीएचक्यू-९ ने मोजलं तेव्हा सुमारे ३९ टक्के. दोन्ही आकडे कमी नाहीत. पण मधलं अंतर लक्षात ठेवलेलं बरं.

नवव्या प्रश्नाबद्दल. तो वाचून दाखवून पुढे सरकायचं नसतं. मी सरळ विचारलं, "ताई, आपण नसलो तर बरं, असं मनात येतं का?" त्या म्हणाल्या, "जीव नकोसा होतो कधी कधी. पण मुलगी आहे ना." काही करण्याचा विचार, तयारी, आधीचा प्रयत्न यातलं काही नव्हतं. तरी यजमानांना त्यांच्यासमोरच सांगितलं, लपवून नाही. औषधांचा साठा घरात एका महिन्याच्या वर ठेवायचा नाही आणि तो यजमानांकडे राहील, असं ठरलं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या फोनमध्ये घातला. तो सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. विचारल्याने असले विचार डोक्यात भरतात, हा समज चुकीचा आहे. विचारल्यावर ताई पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या.

दाह मनापर्यंत कसा पोचतो

इथे थोडं थांबते, कारण याबाबत दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, 'दुखतंय म्हणून वाईट वाटतंय, त्यात काय एवढं'. दुसरं, हल्ली मोबाइलवर फिरणारं, 'नैराश्य म्हणजे मेंदूचा दाहच, दाह कमी करा, नैराश्य जाईल'. पहिलं अपुरं आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण जितकं सांगतात तितकं नाही.

आमवातात सांध्याच्या आतल्या अस्तरात पेशी गोळा होतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१ अशी सायटोकाइन रसायनं सोडतात. ती सांध्यापुरती राहत नाहीत. रक्तातून, आणि व्हेगस चेतातंतूच्या वाटेने, मेंदूला खबर जाते. फ्लूच्या तापात माणूस भिंतीकडे तोंड करून पडतो, जेवण नको, बोलणं नको, कोणी आलं तर राग येतो. तेही याच रसायनांचं काम. फ्लूमध्ये ते चार दिवसांत सरतं, आमवातात वर्षानुवर्षं चालू राहतं. दाह वाढला की आयडीओ नावाचं विकर (एन्झाइम) अन्नातून येणाऱ्या ट्रिप्टोफॅनला मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिनऐवजी किन्युरेनिन या दुसऱ्या रसायनाच्या वाटेला वळवतं, आणि त्या वाटेवर चेतापेशींना त्रासदायक असे काही पदार्थ तयार होतात.

याचा सर्वांत ठळक पुरावा आमवातातून आला नाही, हिपॅटायटिस-सी मधून आला. तिथे पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत. दर तीन-चार रुग्णांतल्या एकाला उपचार चालू असताना नैराश्य यायचं. प्रतिकारयंत्रणेला बाहेरून चेतवलं आणि मन खाली गेलं, इतका सरळ संबंध वैद्यकात क्वचित बघायला मिळतो. उलट दिशेचंही एक उदाहरण आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने २०११ मध्ये आमवाताच्या रुग्णांना टीएनएफ रोखणारं औषध देऊन मेंदूचे स्कॅन घेतले. २४ तासांत वेदनेशी निगडित भाग शांत झाले. सांध्यांची सूज उतरलेली दिसायच्याही आधी.

मग ताईंना जोरदार दाहशामक औषध देऊन मोकळं व्हावं? अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात नेमकं हे करून पाहिलं होतं. औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या ६० जणांना इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रोखणारं औषध किंवा प्लासिबो (औषध नसलेला, फक्त तसा दिसणारा डोस) दिलं. २०१३ मध्ये निकाल आला : एकूण गटात फरक नाही. ज्यांचा सीआरपी ५ च्या वर होता त्यांचा कल औषधाच्या बाजूने. ज्यांचा कमी होता त्यांना प्लासिबोनेच जास्त बरं वाटलं. ते रुग्ण आमवाताचे नव्हते, त्यामुळे निकाल जसाच्या तसा इकडे लावता येत नाही. पण ताईंचा सीआरपी ४ होता आणि मनगट सोडून सूज नव्हती. त्यांच्या बाबतीत दाहाने आग लावली असेल, आता मात्र ती वेगळ्याच सरपणावर जळत होती. प्रतिकारशक्ती आणखी दाबायची म्हणजे टीबी, नागीण, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका घ्यायचा. खरा दाह असेल तर तो अवश्य घ्यावा. नसलेल्या दाहासाठी कशाला?

आणखी काय काय सापडलं

थकव्याला आमवात आणि नैराश्य यांच्यापलीकडेही कारणं असतात, ती आधी शोधली. हिमोग्लोबिन १०.४, बी-१२ कमी. शाकाहारी घर, चहा भरपूर, पाळी अनियमित आणि जास्त; त्यामुळे नवल नव्हतं. थायरॉइड ठीक. रात्री अंगातून वाफा निघतात म्हणाल्या, म्हणजे रजोनिवृत्तीचा काळ जवळ आलेला, आणि तोही मनाला हलवतो.

पण सर्वांत कामाची गोष्ट औषधांच्या डब्यातून निघाली. पुढच्या वेळी डबा घेऊन या म्हटलं होतं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळ्या पट्ट्या होत्या. प्रेडनिसोलोन कमी करत बंद करायला सांगितलेलं, तरी जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून १० मिलिग्रॅम चालूच. आणि घेत होत्या रात्री जेवणानंतर, कारण पूर्वी सकाळी केंद्राची घाई असायची. स्टेरॉइड रात्री घेतलं की झोप उडते, चिडचिड वाढते. पहाटे तीनला डोळे उघडे आणि मन भलतीकडे. झोप गेली की आमवाताच्या रुग्णांत दुसऱ्या दिवशीचं दुखणं, थकवा आणि उदासी निरोगी माणसापेक्षा जास्त वाढते, हे प्रयोगात दिसलेलं आहे. त्याच डब्यात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक होतं, लागेल तसं, म्हणजे जवळजवळ रोज. मेथोट्रेक्सेटच्या पट्टीत मात्र गोळ्या जास्त उरल्या होत्या. "घेतली की दुसरा दिवस मळमळीत जातो, म्हणून कधी कधी राहते." नैराश्यात गोळ्या राहतात, गोळ्या राहिल्या की दाह उचल खातो, दाहाने मन आणखी खचतं. मनगटाची ती एक सूज कदाचित याच चक्राची.

संधिवाततज्ज्ञांना फोन केला, चार तुकडे वाचून दाखवले. त्यांनी अल्ट्रासाउंड करायला सांगितलं. आमवाताच्या अवघड रुग्णांबद्दल युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये हाच सल्ला दिला आहे : दाह खरंच आहे का याची शंका असेल तर सोनोग्राफीने बघा, आणि फायब्रोमायल्जियासारखी भर आकडा फुगवते हे लक्षात घ्या. पॉवर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, उजव्या मनगटात थोडा रक्तप्रवाह, म्हणजे थोडा दाह, दिसला, बाकी सांधे शांत. ठरलं : पुढची पायरी आत्ता नको, तीन-चार महिने थांबू.

काय केलं

मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढल्यावर ताई म्हणाल्या, "येरवड्याचा रस्ता दाखवताय का डॉक्टर?" येरवड्याला मनोरुग्णालय आहे, त्यामुळे पुण्यात हे वाक्य आम्हाला दर आठवड्याला ऐकू येतं. सासूबाई, ज्यांना तोवर आत बोलावलं होतं, त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही." यावर मी आजींना आठवण करून दिली की त्यांच्या धाकट्या जाऊबाई वर्षभर माजघरात पडून होत्या आणि सगळे म्हणायचे बाहेरचं झालंय. आजी गप्प बसल्या, पण रागावल्या नाहीत. ताईंना पटलं ते मात्र वेगळ्याच मुद्द्याने : हे औषध दुखण्यावरही चालतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी ड्युलोक्सेटिन सुरू केलं, ३० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ६०. निवडीमागे विचार होता. ते नैराश्य आणि पसरलेलं दुखणं दोन्हींवर काम करतं. नैराश्यावरचं एसिटॅलोप्राम चांगलं औषध आहे, पण ते आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दोन्ही ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबवू शकतात, म्हणजे ठोक्यांची लय बिघडण्याची भीती. ड्युलोक्सेटिनलाही पथ्यं आहेत : यकृताची तपासणी (मेथोट्रेक्सेटमुळे ती तशीही होतेच), बीपीवर लक्ष, आणि डायक्लोफिनॅकबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो म्हणून ते बंद. पहिले आठ-दहा दिवस मळमळ होईल आणि फरक पडायला चार ते सहा आठवडे लागतील, हे आधीच सांगितलं. न सांगता दिलेलं असं औषध लोक सहाव्या दिवशी सोडतात. प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर आणि हळूहळू कमी. इतक्या महिन्यांनंतर एकदम तोडलं तर शरीर कोसळतं. लोह आणि बी-१२ दिलं.

समुपदेशकांनी काम धरलं ते मोठ्या गप्पांचं नाही. रोज सकाळी साडेआठला केंद्रावर जायचं आणि भाजीची फोडणी स्वतः द्यायची, एवढंच. पोळी नाही. कणकेसाठी मळायचं मशीन घेतलं, लाटण्याच्या मुठींवर जाड रबर चढवलं. कामाआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात, मग फिजिओथेरपिस्टने शिकवलेले बोटांचे व्यायाम. बरं वाटलं त्या दिवशी सगळं उरकायचं आणि पुढचे दोन दिवस झोपून काढायचे, ही त्यांची सवय मोडायला सर्वांत जास्त वेळ लागला. संध्याकाळी तळजाईच्या टेकडीवर सपाटीचं चालणं. सुरुवातीला मुलगी ओढून न्यायची.

मधल्या एका भेटीत काहीच हललेलं नव्हतं. चौथा-पाचवा आठवडा असेल. यजमान म्हणाले, "उगाच थांबलो का?" प्रश्न रास्त होता. सांधे पुन्हा पाहिले, सूज वाढलेली नव्हती, म्हणून थांबलो. वाढलेली असती तर थांबण्याला अर्थ नव्हता. आमवातात दाह चालू असताना घालवलेले महिने हाडांच्या झिजेत वसूल होतात.

चार महिन्यांनी पीएचक्यू-९ आला ७, नवव्या प्रश्नाला शून्य. दुखणारे सांधे ३, सुजलेला एक, ईएसआर १६, स्वतःच्या तब्येतीला ३५. डीएएस-२८ : ३.७. ईएसआर आणि सूज जवळपास होती तिथेच. आमवाताचं एकही औषध न वाढवता आकडा ५.४ वरून इतका खाली आला. थकवा मात्र राहिला. तो अनेक बाजूंनी येतो आणि सर्वांत शेवटी जातो, कधी पूर्ण जातही नाही. हे ताईंना सांगावं लागलं, कारण त्या 'पूर्वीसारखं' होण्याची वाट बघत होत्या.

दिवाळीनंतर

पुढच्या दिवाळीत केंद्राला फराळाच्या ऑर्डरी आल्या. ताई उत्साहात होत्या, आणि तीन आठवडे मेथोट्रेक्सेट घेतलं नाही, कारण दुसऱ्या दिवशीची मळमळ परवडणारी नव्हती. भाऊबीज उलटली आणि त्या हात समोर धरूनच आल्या. या वेळी बघताक्षणी कळत होतं. बोटांच्या सांध्यांवरच्या सुरकुत्या नाहीशा झालेल्या, दोन्ही मनगटं भरलेली, दाबल्यावर मऊ. मांडीवर दाबून पाहिलं, "तिथे काही नाही हो." दुखणारे ८, सुजलेले ७, ईएसआर ५२, सीआरपी २९, तब्येतीला ५५. डीएएस-२८ आला ५.९.

कागदावर ५.४ आणि ५.९ शेजारीशेजारी ठेवले तर एकाच आजाराच्या दोन नोंदी वाटतील. पहिल्या वेळी सांध्यांत जवळजवळ काही नव्हतं. या वेळी जे होतं ते सांध्यांतच होतं. या वेळी आमवाताचे उपचार वाढवायचेच होते, आणि तज्ज्ञांनी ते केलं : स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, मेथोट्रेक्सेट १५ वरून २० मिलिग्रॅम, आणि गोळीऐवजी पोटाच्या कातडीखाली टोचायचं, म्हणजे मळमळ कमी.

मन? तेही घसरलं होतं. पीएचक्यू-९ सातावरून १२ वर. पण वाढलेले पाचही गुण झोप, थकवा आणि 'गोडी नाही' यांतले. 'निरुपयोगी' आणि नववा प्रश्न शून्यावरच. ड्युलोक्सेटिन वाढवायचा मोह झाला होता. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, आहे तेवढंच ठेवा, आधी दाह उतरू दे. सहा आठवड्यांत सीआरपी ६ झाला आणि पीएचक्यू-९ आठावर आला, मनाचं औषध न बदलता. एकाच बाईत एकदा दाह नसताना मन आजारी होतं आणि एकदा दाहाबरोबर मन खाली-वर झालं. कुठल्या वेळी काय चाललंय हे हात दाबून, सुजलेले सांधे वेगळे मोजून आणि चार साधे प्रश्न विचारूनच कळलं.

सध्याची स्थिती : मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन ताई रविवारी रात्री स्वतः टोचतात, सोमवारी केंद्र बंद असतं. टोफासिटिनिबचा रस्ता मोकळाच आहे. टीबीची तपासणी करून ठेवली आहे, ती निगेटिव्ह आली. सहा महिन्यांत सुजलेले सांधे दोनाच्या वर राहिले तर ते सुरू होईल. ड्युलोक्सेटिन किमान उन्हाळ्यापर्यंत चालू, मग कमी करून बघायचं. यजमानांना वाटतं आताच बंद करावं. ताई नको म्हणतात. पुढच्या भेटीला दोघांनाही बोलावलं आहे.